शेपटाची गाठ

कपडे वाळत घालायची दोरी रोज संध्याकाळी सोडायची आणि रोज सकाळी पुन्हा बांधायची, असा नियम जगात दुसऱ्या कुठल्या घरात असेल असं मला वाटत नाही. गोव्यातल्या आमच्या पार्सेच्या घरात तो नऊ वर्षं होता. बरं, नियम आमचा नव्हे. आमच्या मांगरात राहणाऱ्या माणसाचा. मांगर म्हणजे अंगणाच्या कडेची एक खोली, पूर्वी तिथं काजूच्या बिया आणि शेतीची अवजारं असायची. त्या खोलीत हे गृहस्थ राहायचे आणि आमच्या अंगणातल्या दोरीवर हुकूम चालवायचे.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. खरं नाव मतदार यादीत असेल, मला कधी त्याची गरज पडली नाही. मूळचे चंदगडकडचे. तरुणपणी ओंडके ओढणाऱ्या टोळीबरोबर डिचोलीला आले. डोंगरउतारावरचा ओंडका दोराला बांधून रस्त्यापर्यंत आणायचा, हे त्या टोळीचं काम, आणि टोळीत गाठ मारायचं काम मामांचं. पुढं क्रेन आल्या, टोळी पांगली, माणसं गावी गेली. मामा मात्र मुलाला गावी ठेवून इकडेच राहिले. कुणाचा माड पडला, कुणाच्या विहिरीत फांदी गेली, कुठल्या उतारावर यंत्र पोचत नाही, की त्यांना बोलावणं जायचं. आमच्याकडे ते असाच एक पडलेला माड हलवायला आले. काम चार दिवसांचं, म्हणून आमच्या ह्यांनी मांगर उघडून दिला. चार दिवसांची नऊ वर्षं झाली.

"दोर माणसावाणी हाय, बाई," ते मला सांगायचे. मी गावातल्याच मराठी शाळेत शिकवते म्हणून बाई. "दिसभर ताणात ऱ्हायला तर रातीला त्याला सैल सोडाय पायजे. ताणात झोपलेला दोर लवकर म्हातारा हुतो."

"मामा, त्याच्यावर माझे दोन परकर आणि ह्यांचा एक टॉवेल असतो. ओंडका नसतो."

"दोराला काय ठावं, परकर हाय का ओंडका हाय?"

मी परकर झटकून दोरीवर टाकले.

ही दोरी म्हणजे त्यांनीच काथ्यापासून वळलेला सुंभ. अंगणातल्या आंब्यापासून मांगराच्या खांबापर्यंत. सकाळी सात वाजता ते ती बांधायचे. आंब्याच्या बुंध्याला तीन वेढे, त्यावर एक गाठ, आणि त्या गाठीतून हातभर लोंबणारं टोक. त्या टोकाला ते शेपूट म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक गाठीला शेपूट असायचंच. ते ओढलं की गाठ सुटायची, मग तिच्यावर कितीही भार असो. गाठ सुटली तरी तीन वेढे दोराला धरून ठेवायचे, आणि मग मामा दोन्ही हातांनी वीत-वीत दोर सोडत जायचे. संध्याकाळी हा सोहळा पाहायला मीच असायची, कारण वाळलेले कपडे खांद्यावर घेऊन मीच तिथं ताटकळत उभी असायची. कपडे काढून आत जावं तर मामांची हाक यायची, "बाई, त्ये टॉवेलाचं टोक ऱ्हायलं बगा." सहा वर्षं मी ते शेपूट ओढणं आणि दोर सोडणं चडफडत पाहिलं.

"मी सोडू का आज? तुम्ही दमलाय," असं मी सुरुवातीला एकदा म्हटलं होतं. त्यांनी डावा हात पुढं केला. त्या हाताला करंगळी नव्हती.

"टोळीत एका गड्यानं गाठ मारली हुती. सोडाय म्या गेलो. त्याची गाठ, माजं बोट." एवढं बोलून ते दोराकडे वळले. तेव्हापासूनचा तो दुसरा नियम. ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडायची.

हा नियम ऐकायला छान आहे. ज्याच्या घरात तो राबतो त्याला विचारा. विहिरीच्या बालदीला मामांची गाठ, फाटकाला मामांची गाठ, गवताच्या भाऱ्यांना मामांची गाठ. एकदा त्यांनी पावांची रिकामी पिशवी तोंडाला गाठ मारून फाटकाला टांगली. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, आला, पण ती गाठ सोडायला तो घाबरला; मामांनी त्याला पूर्वी एकदा झापलं होतं. त्यानं आठ पाव दगडी गडग्यावर मांडून ठेवले आणि सायकल दामटली. कावळ्यांची चंगळ झाली. त्या दिवशी मी मामांना नको नको ते बोलले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पोदेरानं शेपूट वडलं न्हाई, ह्ये ब्येस केलं." मी हात टेकले.

आमच्या सासूबाईंना मात्र त्यांचं भारी कौतुक. "तेचो सुंभ जळात, पण पीळ जाऊचो नाय," असं म्हणून त्या हसायच्या आणि त्यांच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढायच्या. पीळ कुणाला निस्तरावा लागायचा ते त्यांना काय माहीत!

दोर ओलांडलेला मामांना खपत नसे. धुऊन अंगणात वाळत टाकलेला दोर एकदा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ओलांडला. ते बिचारे कसल्याशा कागदावर माझी सही घ्यायला आले होते. मामा मांगरातून बाहेर आले आणि म्हणाले, "सायेब, परत उलटं ओलांडा आन कडंनं या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुख्याध्यापक गमतीचे. ते खरंच मागं गेले, वळसा घालून आले, आणि चहा पिता पिता मला म्हणाले, "ह्यांना एकदा कार्यानुभवाच्या तासाला आणा."

आणलं. मामा तासभर आधी येऊन बसले आणि वर्गाच्या प्रत्येक जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला तीनचार गाठी मारून ठेवल्या. मुलं आत आली. मामा म्हणाले, "सोडा." नियमाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ह्या गाठींवर भार न्हाई. ह्या गाठी न्हवंतच." मुलं तुटून पडली. कुणी दातानं, कुणी पेन्सिलीनं. तास संपला तेव्हा वर्गात नुसता सुंभाचा भुसा आणि आनंदीआनंद. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मामा, बांधायला कधी शिकवणार?"

"मारायला कुणीबी मारतंय, सायेब. सुटंल कशी त्ये सांगा."

हे त्यांचं लाडकं वाक्य. कुठंही म्हणायचे. शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याला भटजी म्हणाले, "आता ही गाठ पक्की," आणि पंगतीतून मामांचा आवाज आला, "सुटंल कशी त्ये बी बगा." मुलीच्या आईनं चार महिने आमच्या घरी पाय ठेवला नाही. मी तिला समजावायला गेले तर माझ्यावरच उखडली. तिचंही बरोबरच होतं.

मोप्याला विमानतळाचं काम चाललं होतं तेव्हा कुणीतरी त्यांना जड सामान उचलायच्या कामावर नेलं. पहिल्याच दिवशी दुपारी परत. काय झालं म्हणून विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणाले, "लोखंडाचा दोर हाय त्यांचा. त्याला गाठ बसत न्हाई. नुस्तं चिमटं लावत्यात." आता विमानं आमच्या डोक्यावरून जातात. मामा प्रत्येक विमानाकडे पाहायचे आणि त्याला नक्की चिमटे लावले असतील अशा चेहऱ्यानं मान हलवायचे.

तर असं हे ध्यान. आता मी केलेली चूक सांगते.

मामांना येऊन सहा वर्षं झाली तेव्हा म्हापशाहून आमचं कपडे धुवायचं मशीन आलं. टेम्पो फाटकात उभा, आणि आत यायची वाट अडवून मामांची दोरी. मामा कुठंतरी मांद्र्याकडे कामाला गेलेले. टेम्पोवाल्याला आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. तो हॉर्न वाजवू लागला. शेपूट माझ्यासमोर लोंबत होतं. ओढलं असतं तर काम झालं असतं. पण इतक्या वर्षांत त्या शेपटाची अशी काही धास्ती बसली होती, की त्याला हात लावायचं माझ्या मनातच आलं नाही. आणि रागही होताच. माझ्या अंगणात माझं मशीन यायला मी कुणाची वाट बघायची? मी आत गेले, नारळ सोलायच्या जागेवरचा कोयता आणला आणि दोरी मधोमध कापली.

"काय केलंस गे ह्यां?" सासूबाई पायरीवर येऊन म्हणाल्या. "आता तो तुझ्याकडे बोलूचो नाय."

"नाही बोलले तर नाही. सुटले मी."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला अगदी हायसं वाटलं होतं.

मामा संध्याकाळी आले. आंब्याला अर्धी दोरी, खांबाला अर्धी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी आंब्याकडची गाठ सोडली, मग खांबाकडची, दोन्ही तुकडे गुंडाळून आपल्या पंच्यात बांधले आणि मांगरात गेले. मी जेवायला हाक मारली तर ओ दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते ह्यांच्याशी बोलायचे, सासूबाईंशी बोलायचे, मांजराशी बोलायचे. माझ्याशी नाही. मी निळी नायलॉनची दोरी आणली, स्वतः बांधली. ती दुसऱ्याच दिवशी सैल पडली आणि ओल्या चादरी मातीत लोळल्या. पुन्हा घट्ट बांधली, तर गाठ अशी आवळली की ती आता कुणाच्यानं सुटणार नव्हती. नवं मशीन होतं म्हणून चादरी पुन्हा धुवायला त्रास झाला नाही, एवढंच.

असे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत मी चारदा माफी मागायला मांगराच्या दारापर्यंत गेले आणि चारदा परत आले. एका दोरीसाठी कसली माफी, असं दारात पोचल्यावर वाटायचं. घरी आल्यावर पुन्हा चुकल्यासारखं वाटायचं.

त्याच दिवसांत आमच्या बागायतीतला फणस पडला.

हा फणस ह्यांच्या आजोबांच्या वेळचा. ओहोळाच्या वर उतारावर उभा होता, पावसाळ्याच्या शेवटी वाऱ्यानं मुळासकट आडवा झाला. फणसाचं लाकूड म्हणजे पिवळंधमक सोनं. पुढच्या दाराची चौकट करायची, देव्हारा करायचा, असे ह्यांचे मनसुबे. वनखात्याचा कागद झाला, फांद्या छाटल्या, बुंध्याचे तीन ओंडके केले. पण ते वर रस्त्यावर आणायचे कसे? जेसीबी आला तो वरूनच खाली बघून परत गेला. मग राहता राहिले मामा.

वाडीतले पाच गडी, हे, आणि मामा. उताराच्या माथ्यावर एक जुनं किंदळाचं झाड आहे. ओंडक्याला बांधलेला दोर त्या किंदळाभोवती तीन वेढे घेऊन जायचा. गड्यांनी ओढायचं, ओंडका दोन हात वर आला की मामांनी वेढ्यांवर शेपटाची गाठ मारायची, मग सगळ्यांनी दम खायचा. पुन्हा गाठ सोडायची, पुन्हा ओढायचं. पहिले दोन ओंडके असे दोन दिवसांत वर आले. तिसरा बुडख्याचा, सगळ्यांत जड.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी चहाची किटली आणि पाव घेऊन गेले तेव्हा ओंडका अर्ध्या उतारावर होता. गाठ मारलेली होती, गडी किंदळाच्या सावलीत बसले होते. मामा खाली ओंडक्याच्या बाजूला पहार घेऊन, तो कलंडू नये म्हणून टेकू लावत होते. आणि आमचे हे. ह्यांना दम धरवतो कुठं! ओंडक्याच्या पुढं एक चिरा आडवा येत होता, तो काढायला म्हणून हे बाजूनं खाली उतरले. मामा ओरडले, "सायेब, तिकडं न्हाई." तोवर ह्यांनी चिरा हलवला होता. ओंडका एका अंगावर वळला, आणि ह्यांचा उजवा पाय ओंडका आणि खडक यांच्यामध्ये सापडला.

"पाय अडाकलो!" एवढंच ऐकलं. मग नुसतं ओरडणं.

गडी धावत खाली गेले. पाच जणांनी ओंडक्याला हात घातला, पण तो तसूभरही हलेना. हलणार कसा? वरून ताठ झालेला दोर त्याला खडकावर दाबून धरत होता. दोर हळूहळू सैल केला तर ओंडका खाली सरकणार आणि पाय मोकळा होणार. पण एकदम सोडला तर तो आडवा फिरून गडगडत ह्यांच्या अंगावरून जाणार. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त दोन गोष्टी दिसत होत्या. ताणलेला दोर, आणि किंदळाच्या मुळाशी पडलेला कोयता.

मामांना वर येता येईना. त्यांनी पहार ओंडक्याखाली घालून तिच्यावर आपला खांदा दिला होता. खांदा काढला असता तर ओंडका आणखी वळला असता.

मी कोयता उचलला.

"बाई!"

तीन महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली.

"बाई, कोयता टाका. शेपूट वडा."

मी तशीच उभी राहिले. एका हातात कोयता, समोर ते लोंबणारं टोक. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? आज आठवलं तरी मला माझंच नवल वाटतं. मी म्हणाले, "तुमची गाठ आहे!"

"म्या सांगतोय न्हवं? वडा!"

मी कोयता टाकला. दोर एका हातानं घट्ट धरला, आणि दुसऱ्या हातानं शेपूट ओढलं. गाठ माझ्या डोळ्यांसमोर उलगडली, अगदी रोज संध्याकाळी आंब्यावर उलगडायची तशी. सगळा भार तीन वेढ्यांवर आला, दोराचा कर्रर्र आवाज झाला. मला वाटलं, आता हा मला ओढून नेणार. नेलं नाही. वेढ्यांनी धरला. माझ्या हातात जेमतेम एका घागरीचा भार.

"आता सोडा. वीत-वीत. थांबा. सोडा. थांब गं पोरी, थांब. सोड."

मी सोडत होते. वीत, मग थांबायचं. वीत, मग थांबायचं. तळहात भाजत होते पण ते मला नंतर कळलं. मी खाली बघत नव्हते. मी फक्त त्या वेढ्यांकडे बघत होते आणि मामांचा आवाज ऐकत होते. सहा वर्षं मी ज्या गोष्टीचा राग राग केला, ती माझ्या हातांना आपोआप येत होती.

मग खालून गड्यांचा गलका झाला, आणि मामा म्हणाले, "सायेब निघालं. आता जाऊ द्या ओंडका."

मी हात सोडले. दोर सळसळत वेढ्यांतून निघून गेला आणि ओंडका खाली ओहोळात जाऊन पडला. मी तिथंच बसले. किटली कलंडली होती, चहा माझ्या साडीखालून वाहत होता. मला रडू येईल असं वाटलं, पण हसूच येत होतं, थांबतच नव्हतं. गडी ह्यांना उचलून वर घेऊन आले. चेहरा पांढराफटक, पण मला बघून म्हणतात कसे, "अगो, चाय सांडली?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड मोडलंय पण सरळ मोडलंय, पाय राहील. दीड महिना प्लास्टर. सासूबाईंनी भगवतीला नारळ दिला. मामांना त्या म्हणाल्या, "तुमी माझो झील वाचवलात." मामा म्हणाले, "बाईंनी सोडली गाठ. म्या न्हाई."

त्यांच्या खांद्यावर पहारीचा काळानिळा वळ उठला होता. मी हळद गरम करून मांगरात गेले. ह्या वेळी दारातून परत आले नाही. म्हटलं, "मामा, ती दोरी कापली ती माझी चूक झाली."

कोपऱ्यातलं पंच्याचं गाठोडं ओढून त्यांनी दोरीचे ते दोन तुकडे काढले. "उद्या जोडतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन तुकडे एकमेकांना जोडलेले होते. मामा आंब्याजवळ उभे राहून मला म्हणाले, "आता बांदा बी तुमी आन सोडा बी तुमी." पहिल्या दिवशी मला अर्धा तास लागला. शाळेला उशीर झाला. मामा बाजूला उभे राहून प्रत्येक वेढ्याला "अंहं" म्हणायचे. मी किती वेळा चिडले त्याला मोजदाद नाही. पण संध्याकाळी शेपूट ओढलं तेव्हा गाठ एका ओढीत सुटली, आणि त्यांनी "अंहं" म्हटलं नाही.

"मामा, तुम्ही मला रोज मुद्दाम उभं करून ठेवत होता का? शिकवायला?" मी एकदा विचारलंच.

"तुमास्नी कोण शिकवनार? तुमीच मास्तरीण," म्हणाले आणि निघून गेले. ह्याचं खरं उत्तर मला कधी मिळालं नाही.

वर आलेल्या दोन ओंडक्यांची चौकट झाली, देव्हारा झाला. तिसरा अजून ओहोळात आहे. सासूबाई मशीन असूनही आपली पातळं त्याच्यावरच आपटतात. मशीनला म्हणे मळ कळत नाही.

गेल्या वर्षी मामांची नजर अधू झाली. चंदगडहून मुलाचे फोनवर फोन, आता या म्हणून. शेवटी ते तयार झाले. सगळं सामान एका घोंगडीच्या गाठोड्यात मावलं. शुक्रवार होता, म्हापशाला बाजाराची गर्दी. मी आणि हे त्यांना घेऊन स्टँडवर पोचलो. चंदगडची गाडी लागायला वेळ होता. मामांनी गाठोडं माझ्यासमोर ठेवलं, दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बांदा."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ह्या माणसानं आपल्या सामानाला आजवर दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. मी बांधलं. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, शेपूट ओढून सोडलं, म्हणाले, "परत." पुन्हा बांधलं. पुन्हा सोडलं. केळी विकणाऱ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा बांधल्यावर त्यांनी गाठोड्यावर थाप मारली आणि गाडीत चढले. रात्री पोचल्याचा फोन आला. मला बरं वाटलं.

आठव्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन.

"बाई, तुमीच काय ते सांगा मामास्नी. गाठोडं अजून उघडलं न्हाई. कापडं त्यात, घोंगडी त्याची, औषध बी त्यातच. ल्येकाची कापडं घालून बसल्यात. कुणाला हात लावू देईनात. म्हणत्यात, ज्यानं मारली त्यानंच सोडायची."

मी डोक्याला हात लावला. मग म्हटलं, फोन द्या त्यांच्याकडे.

"मामा, गाठोडं समोर आहे का?"

"हाय."

"शेपूट सापडतंय का हाताला?"

"सापडतंय की."

"मग ओढा."

"तुमची गाठ हाय, बाई."

मी अंगणात उभी होते. समोर आंब्याला मी सकाळी बांधलेली दोरी होती, आणि दोरीपलीकडे हे दोन्ही पायांवर उभे राहून आपला टॉवेल वाळत घालत होते.

"मी सांगतेय ना?" मी म्हटलं. "ओढा."

फोनमधून दोराची सरसर ऐकू आली. मग पलीकडून मामांचा आवाज आला, "सुटली, बाई. एका वडीत."